पायाळू

विहिरीवरून हंडे वाहता वाहता सिंधूच्या कमरेत उसण भरली, तरी जातं काही सुटलं नाही. चौथ्या दिवशी सासूनं, भिकुबाईनं, तिला उंबऱ्याशी पालथं निजवलं. पायाकडून जन्मलेल्याचा पाय लागला की उसण उतरते, हे सगळं धानोरा जाणून होतं. पाठीवर अलगद पाय टेकून भिकुबाईनं घरभर ऐकवलं, "मी पायाळू शे. आते महिनाभर सिंधूनी पानी भरानं नही, जातं वढानं नही. नही ते गुण जाई."

कितीतरी दिवसांनी सिंधूनं अंग सैल सोडलं.

सासरे जवळ येऊन हळूच म्हणाले, "चाळीस वरीस व्हयनात संसारले. तू कव्हयपासून पायाळू?"

"मन्ही कंबर धरायनी व्हती नि घरमा कोनी पायाळू नव्हतं, तव्हयपासून."