सरकीचं पोतं

उद्या जाम गावाजवळच्या माळावर हौशींची ऑटोक्रॉस, म्हणजे मातीवरची मोटारींची शर्यत होती आणि अश्विन हिंगणघाटच्या कापूस जिनिंगच्या आवारात गाडीच्या स्प्रिंगा जुळवत होता. चालकाच्या जागी कुणी बसल्याशिवाय गाडी किती दबते ते कळत नाही. इतकी वर्षं त्याच्याच वजनाचा त्याचा मित्र सुश्रुत तिथं बसायचा. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला. म्हणून अश्विननं सरकीचं पोतं सीटवर बसवलं, पट्टा बांधला, चाकावरची फट मोजली आणि पान्यानं स्प्रिंगची कडी फिरवली. तेवढ्यात सुश्रुतचा फोन आला. “माह्या जागी कोणाले बसवलं रे?” “हाये एक जण. तुह्याएवढाच जड. फक्त बोलत नाई.” “बरं झालं बाप्पा. मले वाटलं, एकटाच करून राह्यला का काय.” संध्याकाळी अश्विननं पोतं शेजारच्या सीटवर सरकवलं आणि गाडी घराकडे काढली. चौकात ब्रेक लावताना त्याचा डावा हात आपोआप पोत्यापुढे आडवा गेला.