फळांवरचं ध्यान

“आजही नुसती पपई?” नणंदेनं दारातूनच विचारलं.

“आणि दोन संत्री,” सुताराची बायको म्हणाली. हातातली सुरी तिनं फडक्याला पुसली.

आतल्या खोलीत सुतार भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, हात मांडीवर. गालफडं आत गेली होती. बहीण पुढे सरकली तशी बायकोनं हळूच तिचा दंड धरला.

“हाक नका मारू, ताई. ध्यान मोडलं की दिवसभर डोकं धरून बसतात.”

दोघी स्वयंपाकघरात आल्या.

हे खूळ सुताराचं स्वतःचंच. ध्यानाच्या वर्गात कुणीतरी सांगितलं, शिजवलेलं सोडून नुसती फळं खाल्ली की मन हलकं होतं. घरी येऊन त्यानं फर्मान काढलं, “उद्यापासून माझ्यासाठी गॅस पेटवायचा नाही.”

आणि खरंच फरक पडला. पूर्वी मांडी घातल्या घातल्या चुळबुळणारा माणूस आता तासन् तास हलेना. गल्लीत त्याला तोफ म्हणत. रंधा जागेवर सापडला नाही तरी त्याचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा, आणि हाताला लागेल ते भिरकावलं जायचं. फळं सुरू झाली आणि आवाज उतरला. मिटल्या डोळ्यांपुढे उजेड दिसतो, असं तो येईल त्याला सांगू लागला. मग उभं राहताना घेरी यायला लागली. पटाशी हातात थरथरू लागली, तेव्हा कारखाना बंद झाला.

“तोफ थंडावली याचा आनंद मलाही आहे गं,” नणंद म्हणाली. “पण पार वाळून गेलाय तो. तू काही बोलत नाहीस?”

“माझं कधी ऐकलंय त्यांनी?”

नणंद खाली बघू लागली. भावजयीचं डावं मनगट वाकडं कसं झालं, हे तिला ठाऊक होतं. तेव्हाही ती गप्पच बसली होती.

“डॉक्टरांना घेऊन येऊ का?”

“आणा की. पण हे भेटायचे नाहीत त्यांना. परवाच म्हणाले, कुणी मध्ये पडलं तर फळंसुद्धा सोडीन.”

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुझी कमाल आहे बाई. दुसरी कुणी असती तर केव्हाच माहेरी निघून गेली असती.”

सुताराची बायको उठली. नणंदेला फाटकापर्यंत सोडून आली. फोडींची ताटली उचलली आणि आत गेली.

सुतारानं डोळे उघडले.

“ताईचा आवाज आला मगाशी. उठवायचंस ना मला.”

“ध्यानात होतात.”

“कसलं डोंबलाचं ध्यान! गुंगी येते नुसती. उजेड नाही नि काही नाही.” एवढं बोलूनच त्याला धाप लागली. “रोज मागतोय गं. आज तरी घासभर भात दे. पाया पडतो तुझ्या.”

तिनं ताटली त्याच्यापुढे सरकवली.

“ध्यान मोडेल तुमचं,” ती म्हणाली, आणि बाहेर येऊन तिनं दाराला कडी घातली.