बिल निघेपर्यंत

रुपरावजींच्या गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानाची बिलं क्लाउडवरच्या ज्या मशीनमधून निघत, ते स्वस्तातल्या स्टोरेजवर रडतखडत चालायचं. रविवारी दुकान बंद असताना नागसेनने ते मशीन थांबवलं, त्याची अख्खी इमेज, म्हणजे आतल्या सगळ्या माहितीची नक्कल, वेगवान स्टोरेजला चालेल अशा स्वरूपात बदलायला लावली आणि धरमपेठेतल्या आपल्या खोलीत स्क्रीनकडे बघत बसला. मध्येच काही बिघडलं असतं, तर ऐन लग्नसराईत दुकान अडलं असतं. शिवाय नोकरी सोडल्यावर स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. संध्याकाळी मशीन पुन्हा सुरू झालं.

सोमवारी दुकान उघडून तासही झाला नसेल, तोच रुपरावजींचा फोन आला.

"नागसेन, काय करून ठेवलं गा हे? आत्ताच्या आत्ता दुकानात ये!"

"बिल निघून नाही राहिलं का, काकाजी?"

"निघून राहिलं ना! बटन दाबलं का बिल हातात!"

"मग हिशोब चुकून राहिला का?"

"एका पैशाचा फरक नाही."

"मग झालं तरी काय?"


"अरे, पहिले बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक गादीवर बसून चहा पिये अन् आणखी चार साड्या काढाले लावे, आता उभ्या उभ्या चाललं जाते, ते जुनंवालं तू मिटवलं नाही ना गा अजून?"