मॅरीड टू

वत्सलाबाईंनी फळ्यावर ‘मॅरीड टू’ लिहिलं आणि वर्गात खसखस पिकली.

पेणला बालवाडीच्या खोलीत दुपारचा हा वर्ग भरायचा. वडखळच्या पुढे एका कंपनीच्या गेस्टहाऊसवर कामाला बायका घ्यायच्या होत्या, आणि येणाऱ्या साहेबांशी चार शब्द इंग्रजी बोलता आलं पाहिजे अशी अट होती. मुलाखत सोमवारी. म्हणून आसपासच्या गावांतल्या बायका भाताचं काम आटपून टमटमने यायच्या. वत्सलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांची रीत सरळ. इंग्रजीतले काही शब्द एकटे दारात येत नाहीत, त्यांचं शेपूट ठरलेलं असतं, ते शेपटासकट पाठ करायचं. वरीड अबाउट. टायर्ड ऑफ. इंटरेस्टेड इन. का आणि कशाला विचारायचं नाही, पाढ्यासारखं म्हणायचं.

गिरजाबाईने मात्र विचारलंच. वर्गात सगळ्यांत थोरली तीच, आणि तिच्या जिभेला हाड नाही. लग्न माणसाशी होतं, मग ‘विथ’ नको का? वत्सलाबाई म्हणाल्या, नको, इंग्रजीत ‘टू’च. बरं बाई, गिरजाबाई म्हणाली, साहेबाचं लग्न, साहेब बघून घेईल.

मग एकेकीने उठून वाक्य म्हणायचं होतं आणि तिथे गाडं अडलं. ‘आय ॲम मॅरीड टू’पर्यंत सगळ्या झपाट्याने यायच्या आणि पुढे थबकायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? उखाण्यात घेतलं तर गोष्ट वेगळी, असं कोरडं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे काय कुणाला शिकवायला हवं? शेवटी शांतीने तोड काढली. ‘आय ॲम मॅरीड टू ह्ये’ म्हणाली आणि पदरात तोंड लपवून खाली बसली. झालं, सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. जनी मॅरीड टू ह्ये, गिरजाबाई मॅरीड टू ह्ये. वत्सलाबाई हसू दाबत म्हणाल्या, सोमवारी साहेब विचारील, हा ‘ह्ये’ आहे तरी कोण, एवढ्या बायकांचा नवरा!

रंभा हसली नाही. तिचं लक्ष दाराकडे गेलं होतं. दारात महिपती, तिचा नवरा, उभा होता.

रोह्याला कारखान्यात लागल्यावर त्याने तिथेच दुसरी बाई ठेवली आणि रंभा भावाकडे, गोविंदाकडे येऊन राहिली. आता ती दुसरी निघून गेली. खायचे-प्यायचे हाल व्हायला लागले तेव्हा ह्याला लग्नाची बायको आठवली. सकाळीच गोविंदाच्या ओटीवर येऊन बसला होता. नवरा आपण होऊन न्यायला आलाय, आणखी काय पायजे, असं गोविंदाचं म्हणणं. रंभा वर्गाला निघून आली. मागे दोघांनी आपसांत ठरवून टाकलेलं दिसत होतं, कारण महिपतीच्या हातात तिच्या कपड्यांची पिशवी होती. तोंड सुतळीने बांधलेलं. भावजयीची गाठ तिला लांबूनही ओळखू आली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गुरं विकतानासुद्धा माणसं घरात एकमेकांना विचारतात.

गेली तर सोमवार गेला, काम गेलं, आणि पुन्हा त्याचीच चूल. नाही गेली तर भावाचं दार बंद. हे तिला फळ्यावरच्या अक्षरांपेक्षा स्वच्छ दिसत होतं.

रोह्याची गाडी आहे आता, चला लवकर, असं महिपती दारातूनच कुणाकडेही न बघता म्हणाला. वत्सलाबाईंना काय ठाऊक? कुणाचा तरी घरधनी न्यायला आलाय, एवढंच त्या समजल्या. जरा थांबा म्हणाल्या, एकच जण राहिली आहे. ऊठ रंभा, तुझी पाळी.

रंभा उठली. लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्याने टाकली तेव्हा रडतानासुद्धा ‘ह्ये असं वागले’ एवढंच म्हणाली होती. तिने दाराकडे बघितलं आणि एकही शब्द न गिळता वाक्य पुरं केलं.

“आय ॲम मॅरीड टू महिपती.”

गिरजाबाईचा हात तोंडावर गेला.

“आगो, नाव घेतलंस? आन् त्याच्या तोंडावर?”

रंभाने तिच्याकडे पाहिलं नाही.

“महिपती,” शेजारच्या पोराला सांगावं तसं ती म्हणाली, “तू जा. तुजी गाडी चुकंल. मी नाय येत. सोमवारी मला मुलाखतीला जायचं हाय.”

एवढ्या बायका महिपतीकडे टक लावून बघत होत्या. पिशवी त्याने उंबऱ्यावर टाकली, गोविंदाला सांगतो म्हणाला आणि निघाला. गोविंदाला सांगितल्यावर काय होणार हे रंभाला कळत होतं. आता तिला रडू फुटलं, आणि बसायचं विसरून ती तशीच उभी राहिली.

गिरजाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. नाव घेतलं म्हणून ही आता चांगलीच झाडणार, असं सगळ्यांना वाटलं. ती दाराशी गेली, उंबऱ्यावरची पिशवी उचलून आत आणली आणि आपल्या मांडीशी ठेवून घेतली.

“रातची माज्याकडं चल,” ती म्हणाली. मग फळ्याकडे बघत, “बाई, फुडचा शब्द लिवा.”