पदकावरची पट्टी

“साहेब, पट्टी नाही लावता येणार,” पदकं बांधून देणारा कारागीर म्हणाला. “त्या मोहिमेच्या पट्टीसाठी डोंगरावरच्या ठाण्यावर तीस दिवस हवेत. तुमचे अकराच भरतात.”

निवृत्त नाईक ढवळे गोंधळले. शेजारच्या स्टुलावर त्यांच्या तुकडीतल्या सोपानची बायको बसली होती. ती नवऱ्याचं पदक उजळायला घेऊन आली होती. त्यावर मोहिमेचं नाव कोरलेली चांदीची पट्टी होती. उद्या गावात सोपानच्या स्मारकाचं अनावरण होतं. तिथे दोघांची पदकं सारखी दिसावीत, एवढीच ढवळ्यांची इच्छा होती.

“आम्ही एकाच दिवशी ठाण्यावर चढलो,” ते म्हणाले. “मग त्याचे तीस कसे भरले?”

“ते तिथे शहीद झाले. त्यांना दिवसांची अट नाही.”

“आणि मी?”

“तुम्ही अकराव्या दिवशी खाली उतरलात.”

ढवळ्यांनी मान खाली घातली. उतरलो, हे तर खरंच होतं. त्यात आपलं काय चुकलं, ते त्यांना कळेना.

“भाऊजी एकटे नव्हते उतरले,” ती म्हणाली. “ह्यांना खांद्यावर घेऊन आले. म्हणून मला तोंड तरी बघायला मिळालं.” तिने नवऱ्याचं पदक पुढे सरकवलं. “भाऊजींना मिळत नसेल, तर ह्यांचीही पट्टी काढा.”

“वहिनी, असं नको,” ढवळे म्हणाले.

कारागिराने नियमांचा कागद पुन्हा वाचला. पट्टी कधी लावावी, एवढंच त्यात होतं. कधी काढावी, ते कुठेच नव्हतं.