मागचं डावं चाक

गोव्यात पाळी गावच्या खाणीवर चालवलेला आपला टिप्पर ट्रक गौरेशने हुबेहूब छोटा बनवला. हॉलमध्ये मांडलेल्या खाचेच्या ट्रॅकवर तो विजेवर पळे. पळवण्याआधी गौरेश त्याची चाकं चिकटपट्टीवर फिरवून साफ करी.

रोज मागच्या डाव्या चाकाची लाल माती पट्टीवर येई.

"घरात ही माती खंयची?" बायको संजना विचारी.

गौरेश पट्टी चुरगळून टाकी. खऱ्या टिप्परच्या त्याच चाकाखाली त्याचा क्लीनर बाबली गेला होता. बाबलीने मागच्या फाळक्यावर दोन थापा मारल्या की गाडी मागे घ्यायची, असं ठरलेलं. त्या दिवशी गौरेश थापांसाठी थांबला नव्हता.

आज त्याने छोट्या टिप्परचा तो टायरच बदलला. पट्टी कोरी निघाली.

तेवढ्यात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दोन थापा पडल्या.

संजना समोर उभी होती. ती त्याच्या मागे बघत होती.