सिनेमात मेलेला सखा

खऱ्या मैत्रीला मरण नसतं, हे पोशीरच्या जत्रेतला फार्स बावीस वर्षं सिद्ध करत आला होता. सखा आणि चांगो हे लंगोटीयार त्यात स्वतःचीच कामं करायचे. मग मुंबईच्या एका कंपनीने त्यावर सिनेमा काढला. फार्स पाऊण तासाचा, सिनेमा अडीच तासांचा. उरलेला वेळ भरायला कंपनीने एक नायिका आणली आणि मध्यंतराआधी सखाला मारलं. सगळं गाव खोपोलीला जाऊन ढसाढसा रडून आलं.

पुढच्या जत्रेत सखा तोंडाला रंग फासून स्टेजवर आला, तशी पहिल्या रांगेतून येसूबाई ओरडली, "अरं, तू मेलास ना रं? आमी डोळ्यांनी बघितलं हाय!"

"चांगो, सांग की रं यांना, मी जिता हाय!" सखा कळवळला.

चांगोने एकदा मित्राकडे बघितलं, एकदा डोळ्यांना पदर लावलेल्या बायांकडे.

"गपगुमान आडवा हो," तो पुटपुटला. "बावीस वर्षांत जेवढी हसली नाय, तेवढी रडतायत लोकं."

सखा आडवा झाला. पुढची सात वर्षं त्याने तेच काम केलं. पाठांतर काहीच नव्हतं.